ओढ्यातले दगड फिशटँकमध्ये टाकण्याआधी काय काय करावं?

मावळवारा

नमस्कार मंडळी.

घरी तीन फुटी टँक घेतला आहे. ९० × ३८ × ४५ सेंमी, म्हणजे काठोकाठ भरला तर १५४ लिटर. अजून रिकामाच आहे आणि मला घाई नाही. मनात आहे तो आपल्याकडचा डोंगरातला ओढा: काळे गोटे, जाडी वाळू, एका बाजूने पाण्याचा जोर, आणि त्यात झेब्रा डॅनिओ, रोझी बार्ब, तळाला लोच असे छोटे मासे. दुकानात दगड किलोवर मिळतात, पण जपानी नावांचे ते करडे दगड आपल्या ओढ्यातले वाटत नाहीत.

भोरकडे मामांचं शेत आहे. शेताला लागून ओढा आहे, उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा. मामांना विचारून तिथून पोतंभर दगड आणले. गच्चीत मांडल्यावर लक्षात आलं की सगळे एका जातीचे नाहीत. बरेचसे गुळगुळीत काळे. काहींना भोकं आहेत आणि भोकांत पांढरं काहीतरी भरलंय. एकदोन भोकांच्या आत हिरवट अस्तर आहे. दोन दगड विटकरी रंगाचे, नखाने खरवडलं तरी भुगा पडतो. आणि थोडे पांढुरके, गाठीगाठींचे खडे आहेत.

उकळू का? ब्लीच वापरू का? पांढऱ्या भागाने माशांना काही होईल का? एक जण सांगतो नुसते धुऊन टाक, दुसरा सांगतो ओव्हनमध्ये भाज. ज्यांनी स्वतः बाहेरचे दगड वापरलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

गप्पीप्रेमी

मोठं पातेलं घ्या, वीस मिनिटं खळखळून उकळा, गार करा, टाका. मी वर्षानुवर्षं हेच करत आलोय, मासे मजेत आहेत.

कातळ

मावळवारा, आधी मांडून पाहिलेत हे फार बरं केलंत. टँकमध्ये जाणाऱ्या दगडाचं निम्मं काम तो उचलतानाच झालेलं असतं. ब्रश आणि ब्लीच त्यानंतरचे. उकळून जंतू मरतील, पण चुनखडी उकळली तरी चुनखडीच राहते. म्हणून आधी तुमच्या ढिगांकडे बघू.

काळे गोटे म्हणजे आपला काळा पाषाण, बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं, त्यातलाच हा. टँकसाठी याच्याइतका निर्धास्त दगड मला माहीत नाही; पाण्याच्या पीएचला किंवा जडपणाला तो धक्का लावत नाही. फक्त ताजा हवा. हातोडीने हलका ठोका देऊन बघा. घट्ट दगड खणकन वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. कुजलेल्या बेसॉल्टचे कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात आणि शेवटी त्याचा मुरूम होतो. तसला टँकमध्ये गेला तर तळाशी गाळ साचत राहील.

भोकं म्हणजे लाव्हा गार होताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागा. पुढे त्यांतून पाणी झिरपत राहिलं आणि त्याने आणलेली खनिजं आत बसली. इथे मात्र वेळ घालवायला हवा, कारण वरून सारखंच पांढरं दिसणारं हे तीन वेगवेगळ्या जातींचं असतं.

एक गारगोटी. लोखंडी खिळ्याने तिच्यावर ओरखडा उठत नाही, उलट तीच काचेवर ओरखडा काढते. पाण्यात ती काही म्हणजे काही करत नाही. दुसरं झिओलाइट, त्यात स्टिल्बाइट जास्त दिसतं. मोत्याची झाक, चपट्या स्फटिकांच्या जुड्या. हेही विरघळत नाही. तिसरं कॅल्साइट, आणि प्रश्न याचा आहे. खिळ्याने सहज खरवडतं, फुटलं तर तिरप्या चौकोनांचे सपाट, चकचकीत तुकडे पडतात. हे कॅल्शियम कार्बोनेट, चुन्याच्या घराण्यातलं. सावकाश विरघळतं आणि पाणी जड करतं.

हिरवं अस्तर बघून घाबरू नका. आपल्या बेसॉल्टच्या भोकांत ते बहुधा सेलाडोनाइट असतं, लोह आणि मॅग्नेशियमचं मऊ खनिज. तांब्याचा संबंध नाही. ब्रशने निघेल तेवढं काढा, उरलं तर राहू द्या.

विटकरी दगड म्हणजे लाव्हाच्या दोन थरांमधला लाल मातीचा थर, ज्याला भूगर्भवाले 'रेड बोल' म्हणतात. त्यांचा पाण्यात लगदा होईल, ते परत शेतात. पांढुरके गाठींचे खडे म्हणजे कंकर, चुनखडीच. काळ्या मातीत आणि नदीकाठच्या गाळात तयार होतात; पूर्वी हेच भाजून बांधकामाचा चुना करत. तुमच्या माशांच्या टँकमध्ये नकोत.

आता चाचणी. व्हिनेगर चालतं पण सौम्य पडतं. किराणा दुकानातून लिंबूसत्व आणा, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. दोन चमचे अर्ध्या वाटी पाण्यात विरघळवा. दगड कोरडा हवा. पांढऱ्या भागावर खिळ्याने खरवडून थोडी पूड पाडा आणि त्या पुडीवर थेंब टाका. वरच्या पृष्ठभागावर माती, शेवाळ, जुना लेप काहीही असतं, म्हणून ताजी पूड महत्त्वाची. शिवाय डोलोमाइटसारखी खनिजं अखंड असताना फसफसत नाहीत, पूड केली तरच थोडी बोलतात. भिंग असेल तर भिंगातून पाहा. बारीक बुडबुड्यांची रांग कडेने वर येताना दिसते. भोकातून निघालेली हवा एकदा बुडबुडते आणि थांबते. कॅल्साइट फसफसत राहतं. त्या दोन्हींत गल्लत करू नका.

रानवाट

कातळदादा, प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. सेलाडोनाइटचं नाव पहिल्यांदाच कळलं, मी इतकी वर्षं त्याला शेवाळ समजत होते.

मावळवारा

धन्यवाद दादा! आजच करून पाहिलं. कंकर तर थेंब पडताच फसफसला. विटकरी दगड बाजूला काढले. भोकांचे अकरा दगड होते, त्यांतल्या आठांत काहीच झालं नाही, तीन दगडांतलं पांढरं मात्र फसफसतंय. त्या तिघांतला एक नेमका सगळ्यात देखणा आहे, मधोमध मुठीएवढी पोकळी असलेला. टाकूनच द्यावा लागेल का?

पाणवठा

टाकू नका, आधी बादलीला विचारा.

दोन सारख्या बादल्या घ्या. दोन्हींत टँकमध्ये जे वापरणार तेच पाणी भरा. एकीत तो दगड, दुसरी नुसती. दोन्हींवर झाकण. पहिल्या दिवशी आणि मग एक-दोन आठवड्यांनी दोन्हींचं टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), केएच (कार्बोनेटचा जडपणा), जीएच (एकूण जडपणा) मोजा. नुसत्या पाण्याची दुसरी बादली लोक ठेवत नाहीत आणि तिथेच फसतात. नळाचं पाणी उघड्यावर राहिलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच आपोआप वर चढतो. मग बिचाऱ्या दगडावर आळ येतो. म्हणून तुलना बादलीशी बादलीची करायची, आणि पीएचपेक्षा केएच-जीएचवर विश्वास ठेवायचा. फरक लवकर दिसायला हवा असेल तर आरओचं पाणी घ्या, त्यात आधीचं काही नसल्याने दगडाने सोडलेलं लगेच आकड्यात उतरतं.

केएचचा एक अंश म्हणजे लिटरमागे साधारण १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. बादलीत एखादा अंश वाढला आणि टँक बादलीच्या दसपट असला, तर तुमच्या आठवड्याच्या पाणी बदलात तो कुठच्या कुठे जाईल. पुण्यात खडकवासल्याचं पाणी बोअरच्या मानाने खूपच मऊ असतं. रोझी बार्ब आणि झेब्रा डॅनिओला थोडा जडपणा चालतो. तेव्हा एका दगडातलं चमचाभर कॅल्साइट हे काही संकट नाही. नको वाटलं तर जुन्या स्क्रूड्रायव्हरने कोरून काढा, मऊ असतं, निघतं.

एकच अट. पुढे झाडं लावून कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडणार असाल तर हिशेब बदलतो. तो वायू पाणी आम्लधर्मी करतो आणि कॅल्साइट भराभर विरघळायला लागतं. तुम्ही दुकानातल्या ज्या करड्या जपानी दगडांबद्दल लिहिलंत त्यांतला सेरियू म्हणून विकला जाणारा दगडही चुनखडीच्या जातीचा असतो आणि केएच वाढवतो. पैसे देऊन आणलेला दगडही तपासायचाच.

गप्पीप्रेमी

म्हणजे माझी गप्पी-मोलीची टँक जड पाण्याची आहे, तिथे कंकर चालेल ना?

पाणवठा

उत्तम चालेल. गप्पी, मोली, प्लॅटी यांना जड पाणीच मानवतं. मलावी आणि टांगानिका सरोवरांतले सिक्लिड पाळणारे तर मुद्दाम चुनखडी शोधतात, कारण तिथलं पाणी मुळात जड आणि पीएच आठच्या आसपास किंवा त्याहून वर. टेट्रा, डिस्कस, बहुतेक गौरामी यांच्यासाठी मात्र नको.

ऑस्टिनकर

इथे टेक्सासमध्ये अगदी हेच चित्र आहे. ऑस्टिनच्या आसपास जिकडेतिकडे चुनखडीच. भोकाभोकांचा चुनखडीचा दगड आफ्रिकन सिक्लिडवाले आवडीने वापरतात, दुकानांतही मिळतो. नळाचं पाणीही जड. इथल्या ओढ्यातला दगड मऊ पाण्याच्या माशांना घालायची सोय नाही. तुमच्याकडे अंगणात बेसॉल्ट पडलेला असतो याचा खरंच हेवा वाटतो.

पाणवठा

आता उकळण्याबद्दल. गप्पीप्रेमी, तुमचे गोटे घट्ट आणि लहान असतील म्हणून निभावलं असेल. भोकाळ दगडाची गोष्ट निराळी.

असल्या दगडाच्या आत पाणी मुरलेलं असतं. तापलं की त्याची वाफ होते, आणि बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर दगड तडकतो. कधीकधी तुकडे उडतात. ओव्हन, मायक्रोवेव्ह, गॅसची ज्योत यांत हा धोका सर्वांत मोठा, कारण तिथे तापमान १०० अंशांच्या खूप वर जातं. प्रेशर कुकरही नको. आत १२० अंशांच्या आसपास तापलेलं पाणी दगडाच्या पोटात असतं, आणि शिटी उचलून दाब एकदम सोडला की त्या पाण्याची त्याच क्षणी वाफ व्हायला लागते.

उघड्या पातेल्यात धोका कमी, पण नाही असं नाही. गार दगड उकळत्या पाण्यात टाकला तर तो भेगाळू शकतो, आणि बुडाला टेकलेली बाजू जास्त तापते. उकळायचेच असतील तर फक्त घट्ट, बिनभोकांचे गोटे, पातेल्याच्या तळाला जुनं फडकं, गार पाण्यापासून मंद आचेवर सुरुवात, आणि गारही पाण्यातच होऊ द्यायचे. बाकीच्यांवर बादलीत ठेवून कढत पाणी ओतलं तरी पुरतं. मी स्वतः आता तेवढंच करतो, कारण उन्हाळ्यातलं ऊन आणि ब्लीच मिळून उरलेलं काम करतात.

माझी पद्धत अशी:

आधी कोरडा ब्रश. माती ओली केली की भोकांत घट्ट बसते, कोरडी असताना झटकून निघते. भोकांसाठी टूथब्रश आणि बांबूची काडी. तारेचा ब्रश टाळतो, त्याचे लोखंडी कण दगडात अडकतात आणि नंतर गंजाचे डाग पडतात. नारळाची शेंडी छान काम करते. मग वाहत्या पाण्याखाली. साबण, भांड्यांचं लिक्विड, फिनेल यातलं काहीही दगडाला लावायचं नाही. भोकाळ दगड ते शोषून घेतो आणि नंतर टँकमध्ये सोडत राहतो.

मग एक दिवस बादलीत भिजत. दुसऱ्या दिवशी ते पाणी पाहा आणि त्याचा वास घ्या. रॉकेल, डिझेल, औषध असला वास आला किंवा पाण्यावर तवंग दिसला तर तो दगड माझ्या लेखी बाद. पुढचं काहीही करून तेल भोकांतून पूर्ण निघत नाही.

त्यानंतर ब्लीच. साधं, बिनवासाचं सोडियम हायपोक्लोराइट, एक भाग ब्लीच आणि १९ भाग पाणी. घट्ट गोट्याला अर्धा तास पुष्कळ, भोकाळ असेल तर काही तास. ब्लीचिंग पावडर टाळलेली बरी, तिच्यातल्या चुन्याचा पांढरा लेप भोकांत बसतो. मग दोनतीनदा स्वच्छ पाणी, आणि नंतर हायपोच्या पाण्यात बुडवून ठेवायचं. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, मत्स्यपालनाच्या दुकानात क्लोरीन घालवायचे खडे म्हणून मिळतात ते. क्लोरीनचा वास पूर्ण जाईपर्यंत थांबायचं. शेवटी पुन्हा धुऊन कडक उन्हात वाळत. उलटसुलट करत राहायचं म्हणजे पोटातला ओलावाही जातो.

हात जोडून एक विनंती: ब्लीच आणि आम्ल कधीही एकत्र येऊ देऊ नका. लिंबूसत्व असो, व्हिनेगर असो, बाथरूमचं अ‍ॅसिड असो, ब्लीचशी गाठ पडली की क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. आम्लाची चाचणी झालेला दगड भरपूर धुऊन, वाळवून, मगच दुसऱ्या दिवशी ब्लीचमध्ये. आणि दोन्ही कामं गच्चीत किंवा अंगणात.

गप्पीप्रेमी

पटलं. फडकं आणि गार पाण्यापासून सुरुवात, दोन्ही यापुढे करणार. ब्लीचऐवजी पोटॅशियम परमँगनेट चालतं का? घरात आहे.

पाणवठा

चालतं, पण दगडावर तपकिरी डाग पडतात. काळ्या गोट्यावर ते दिसत नाहीत, गारगोटीवर दिसतात.

द्राक्षवेल

नाशिककडचा आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून लिहितो. दगड कुठल्या पाण्यातून उचलला याकडे लक्ष द्या. आमच्याकडे बागांवर बोर्डो मिश्रण मारतात. त्यात मोरचूद असतो, म्हणजे कॉपर सल्फेट. पावसात तो धुपून बांधाच्या कडेच्या नाल्यात उतरतो. तांबं कोळंबीला फार लवकर मारतं, गोगलगायींनाही. ज्यांना टँकमध्ये चेरी श्रिम्प ठेवायची आहे त्यांनी द्राक्षबागेच्या किंवा फवारणी होणाऱ्या कुठल्याही बागेच्या खालच्या नाल्यातला दगड घेऊच नये. ब्लीचने तांबं जात नाही आणि उकळल्यानेही जात नाही. कोकणात सुपारी-नारळावरही बोर्डो मारतात, तिथेही हेच.

कारखान्यांच्या खालच्या अंगाची नदी, मूर्ती विसर्जनाचे घाट, गाड्या धुण्याच्या जागा यांनाही माझा नकारच. विसर्जनाच्या जागी रंगाचे पापुद्रे दगडांच्या भोकांत जाऊन बसतात, मी पाहिलेत.

मावळवारा

हे फारच महत्त्वाचं. मामांकडे भात आणि थोडी नाचणी असते, फवारणी जवळजवळ नाही, आणि ओढा वरच्या डोंगरातूनच येतो. तरी ओढ्याच्या वरच्या बाजूला कुणाचं काय आहे ते मामांना विचारून घेतो.

देवगडकर

आमच्याकडे बेसॉल्ट शोधायला लागतो, जांभा मात्र पायाखाली. जांभा टँकात चालतो काय? आणि किनाऱ्यावरचे कालवं चिकटलेले दगड दिसायला एकदम झकास, ते?

कातळ

देवगडकर, जांभ्यात मुख्यतः लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं. चुना नसल्याने पाणी जड होत नाही. अडचण त्याच्या झडण्याची. खाणीतून नुकता काढलेला मऊ असतो, हवेवर राहून टणक होतो. म्हणून वर्षानुवर्षं उघड्यावर पडलेला, काळपट झालेला तुकडा निवडा. बादलीत ठेवून रोज पाणी बदला. पाणी तांबूस व्हायचं थांबलं तर वापरा, थांबत नसेल तर सोडा.

किनाऱ्यावरचे दगड गोड्या पाण्याच्या टँकला नकोतच. कालवांचं कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, शिवाय भोकांत मीठ आणि मेलेले जीव.

ज्यांचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे त्यांच्यासाठी जास्त गंभीर गोष्ट. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या दगडांवर झोअँथिड नावाचे मऊ, गादीसारखे पसरलेले जीव असतात. त्यांतल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. असा दगड उकळला तर ते वाफेबरोबर घरभर होतं. परदेशांत असे दगड घरात उकळून किंवा घासून कुटुंबंच्या कुटुंबं दवाखान्यात गेली आहेत. समुद्रातला जिवंत दगड कधीही, कुणीही उकळू नये.

आणि प्रवाळाला हातच लावायचा नाही. खडक बनवणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मेलेला तुकडा किनाऱ्यावर पडलेला असला तरी घरी आणायचा नाही. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

रानवाट

कायद्याचा विषय निघालाच आहे तर थोडं माझंही.

भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे जंगलातला दगडसुद्धा वनोपज आहे. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, राखीव वन इथून खिशात गोटा घालून आणणंही चूक. किल्ल्यांवरून नको, देवराईतून तर नकोच. मावळवारा यांनी मामांच्या शेतातून, विचारून, कोरड्या ओढ्यातून आणले, मला हे मनापासून आवडलं.

कोरडा ओढा म्हणाले ते फार महत्त्वाचं आहे. वाहत्या पाण्यातला दगड उचलून पाहिलाय का कधी, खालची बाजू? मेफ्लायच्या चपट्या अळ्या, कॅडिसफ्लायच्या अळ्यांनी वाळूचे कण विणून केलेली घरटी, दगडाला पोटाने चिकटलेले लोच, कधी अंडी. सह्याद्रीतला मल्या मासा (शास्त्रीय नाव गारा मुल्या, कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये आपल्या दख्खनमधूनच नोंदवलेला) दगडावरचं शेवाळ खरवडूनच जगतो. तो दगड आपण नेला की त्याचं ताट नेलं. म्हणून उन्हाळ्यात, पुराने काठावर टाकलेल्या ढिगातून, लागतील तेवढेच.

उचलताना हाताची काळजी घ्या. दगडाची पलीकडची कड आधी उचला, म्हणजे खाली काही असेल तर आपल्या आणि त्याच्या मध्ये दगड राहतो. कोकणात फुरसं आणि लाल विंचू दोन्ही अशाच जागी दबा धरून असतात. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुजवला आणि असंख्य जीव वाचले, पण त्या उपचाराची वेळच येऊ नये. जाड हातमोजे, पायात बूट, आणि संध्याकाळी दगड गोळा करायला जाऊ नका.

वैनगंगा

भंडाऱ्याहून. आमच्याकडे तुमचा काळा पाषाण नाही, नाइस नावाचा खडक आणि ग्रॅनाइट आहे, पट्ट्यापट्ट्यांचे सुंदर गोटे नदीत मिळतात. ते निर्धास्त वापरतो. पण इकडे मँगनीजच्या खाणी आहेत, आणि खाणीच्या आसपासचा जड, काळा, हाताला काळं लावणारा दगड बेसॉल्ट समजून उचलू नका. आकाराच्या मानाने फारच जड लागला की मी तो खाली ठेवतो. धातूसारखी चमक, पितळी कण, गंजाच्या रेषा असलेले दगडही नको.

तसंच घरातल्या फरशीचे उरलेले तुकडे टाकणाऱ्यांसाठी: शहाबादी, कोटा आणि कडप्पा, तिन्ही चुनखडीच्या जातीचे आहेत. कडप्पा काळा म्हणून लोक बेसॉल्ट समजतात. संगमरवर तर चुनाच. लिंबूसत्वाचा थेंब टाकून बघा, लगेच कळेल.

मावळवारा

कडप्पा! ओट्याचा तुकडा मी गुहेच्या छतासाठी बाजूला काढून ठेवला होता. वैनगंगा, फार आभार.

बादल्यांचा निकालही सांगतो. पोकळीवाल्या दगडाच्या बादलीत केएच साधारण अर्ध्या अंशाने वाढला, नुसत्या बादलीत जराही नाही. स्क्रूड्रायव्हरने कॅल्साइटचा मोठा भाग कोरला, उरलेला आत खोल आहे, तो राहू देतोय. ब्लीच, हायपो, ऊन सगळं झालं. आता मांडणी. एकूण २५ किलोच्या आसपास दगड होतील. काचेचं टेन्शन आहे.

पाणवठा

बेसॉल्टची घनता पाण्याच्या २.८ ते ३ पट. म्हणजे २५ किलो दगड साधारण साडेआठ-नऊ लिटर पाणी बाजूला सारतील आणि स्टँडवर निव्वळ वाढ १६ किलोच्या आसपास होईल. स्टँड नीट असेल तर एकूण वजनाची चिंता नाही. चिंता असते ती एका टोकावर येणाऱ्या भाराची. टोकदार दगडाचं टोक काचेवर टेकलं आणि वर दुसरा दगड बसला की तळ तडकतो.

म्हणून तळाला आधी पातळ अ‍ॅक्रिलिकची शीट किंवा पॅकिंगचा दाट फोम. त्यावर मोठे दगड, रुंद बाजू खाली. वाळू शेवटी. वाळू आधी टाकून त्यावर दगड ठेवले तर लोच खाली उकरतात आणि दगड कलतो. एकावर एक रचलेले हलत असतील तर बुरशीनाशक नसलेल्या साध्या सिलिकॉनने चिकटवा आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत वाळू द्या. टँकमध्ये ठेवण्याआधी प्रत्येक दगडावरून जुनं नायलॉनचं मोज्यासारखं कापड फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे लोचचं पोटही कापेल. ती कड दुसऱ्या दगडावर घासून बोथट करा. पाण्याच्या वाटेत थोडी मोकळी जागा सोडा, दगडांच्या मागे घाण साचते ती पाईपने काढता आली पाहिजे.

रानवाट

आणि पुढे कुणीतरी मिस केरळचं नाव सुचवेलच, म्हणून आधीच लिहून ठेवते. दिसायला अप्रतिम मासा. २०१३ मध्ये त्याच्या गटाला सह्याद्रिया असं नावही मिळालं. पण तो थव्याने राहतो, चांगला मोठा होतो, आणि केरळ-कर्नाटकातल्या नद्यांत तो संकटग्रस्त आहे. तीन फुटी टँक त्याला अपुरा. डॅनिओ आणि रोझी बार्बच ठेवा.

मावळवारा

नाही ताई, ठरवलंय तेच ठेवणार.

टँक भरला, फिल्टर चालू आहे, मासे अजून आणले नाहीत. ओले झाल्यावर गोट्यांचा काळा रंग असा काही उघडलाय की घरातले सगळे समोर बसून असतात. पोकळीतली कॅल्साइटची कड उजेडात चमकते. पण आता दगडांवर भुरकट, बोटाने पुसला जाणारा थर येतोय. दगडातून काही निघतंय का?

पाणवठा

नाही, हे डायटम, भुरं शेवाळ. नव्या टँकमध्ये जवळजवळ सगळ्यांकडे येतं. दिवे सहा-सात तासांवर आणा, पाणी बदलताना टूथब्रश फिरवा. टँक मुरला की बहुधा आपोआप कमी होतं. खात्री करायची तर केएच पुन्हा मोजा. तो बादलीच्या हिशेबातच असेल, तर दगड निर्दोष. मासे आणायला मात्र अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत थांबा, दगड कितीही चांगले असले तरी.

मावळवारा

केएच तेवढाच आहे. अमोनियाची किट उद्या आणतो. फोटो इथेच डकवेन.